भास्कर, गजाला लागलं नव्हतं

साल दोन हजार पंचवीस, आणि तुझं वय बहात्तर. बाकी जन्मतारीख, किती कप, कुठल्या कुठल्या टीमकडून खेळलास, ते मंडळाच्या पोरांनी फळ्यावर लिहिलेलंच आहे. त्यात दोन चुका आहेत. मी सुधारल्या नाहीत. मला म्हणाले, "नाना, तुम्ही जवळचे, स्मरणिकेला दोन शब्द लिहून द्या." दोन शब्दांत भागलं असतं तर मी तुझ्याशी शेहेचाळीस वर्षं भांडलो कशाला असतो? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शुद्धलेखन सून बघते. पण एकही वाक्य बदलायचं नाही, हे तिला बजावून ठेवलंय.

गेलेल्या माणसाला अहोजाहो करायची रीत आहे. तुला मी जन्मात कधी अहो म्हटलं नाही, आणि सगळ्यांचा मी नाना असलो तरी तू मला काशाच म्हणायचास. आता म्हटलं तर तू म्हणशील, काशाच्या मनात काहीतरी आहे. आहेच. म्हणून तर लिहितोय.

फायनलपासूनच सुरू करतो, कारण आपलं सगळं तिथूनच सुरू झालं. तू सव्वीसचा, मी अठ्ठावीसचा. मी ठाण्याच्या कंपनीचा कॅप्टन, तू कल्याणच्या कंपनीचा स्टॉपर, मागे बचावाला उभा राहणारा. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण आपल्याला कंपनीने घेतलेलं ते फुटबॉलसाठी. सकाळी कार्ड पंच करायचं, जेवणापर्यंत मशीनजवळ उभं राहायचं आणि दुपारी मैदानात. प्रोफेशनल हा शब्द आपल्या तोंडात नव्हता, पण होतो आपण तेच. लोकांचं पोट हातावर असतं, आपलं पायावर होतं. फरक एवढाच की मी पर्मनंट झालेलो आणि तू टेंपररी होतास. तुमच्या साहेबाने सांगितलेलं, कप आणा, चौघांना पर्मनंट करतो. हे मला मॅचच्या आधीपासून माहीत होतं. इतकी वर्षं मी "नंतर कळलं" असं म्हणत आलो. आधी माहीत होतं.

एक-एक अशी बरोबरी. शेवटची सहा-सात मिनिटं. बॉल तुझ्या पायात, मैदानाच्या मध्यावर. पुढे तुमचे तिघे मोकळे, आमचे दोघेच मागे. कुठल्याही स्टॉपरने डोळे मिटून पुढे मारला असता. तू मान वर केलीस आणि तुला दिसलं, आमच्या गोलजवळ आमचा गजा गुडघा धरून लोळतोय. रेफरीची त्याच्याकडे पाठ. तू बॉल सरळ लाइनबाहेर मारलास आणि ओरडलास, "अरे माणूस पडलाय!"

हे नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. पण खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की समोरच्या टीमने आपल्या पडलेल्या माणसासाठी बॉल बाहेर काढला, तर खेळ सुरू होताना आपण तो त्यांना परत द्यायचा. थ्रो आपला असला तरी. तुमची सगळी टीम तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तुमचा गोली बॉल आपल्याकडे येणार म्हणून चालत पुढे आला. तू माझ्यापासून दोन हातांवर होतास आणि गजाला उठवत होते तिकडे बघत होतास. मी हळूच तुझ्या मागे सरकलो. थ्रोवर ऑफसाइड नसतो, हे मला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. बॉल माझ्याकडे आला, चार पावलं घेतली आणि तुमच्या गोलीच्या डोक्यावरून टाकला.

अर्धं मैदान ओरडलं. रेफरीने दोन्ही लाइनमनकडे बघितलं. दोघांनी खांदे उडवले. गोल.

तुमची पोरं माझ्या अंगावर धावून आली, तू त्यांना मागे लोटलंस. माझ्यासमोर उभा राहिलास. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तू म्हणालास, "कॅप्टन ना तू? मग सांग तुझ्या लोकांना उभं राहायला. आम्ही एक मारतो, दोन-दोन होऊ दे. मग खेळू पुढे."

मी म्हटलं, "पुस्तकात दाखव."

बस, एवढंच. धड वाचता न येणारा माणूस तुला पुस्तकात दाखव म्हणाला. आमच्या बाकावरचे सगळे हसले. माझीही छाती फुगली. महिनाअखेरीला तुम्हा चौघांना कंपनीने घरी बसवलं.

मी स्वतःला सांगायचो, त्यांना काढायचंच होतं, कप आणला असता तरी काढलं असतं. खरं असेलही. तू हा विषय कधीच काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. भांडणात माझ्या तोंडून खरं निघतं.

दोन वर्षांनी नौपाड्यात बूट शिवून घेत बसलेलो. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. तू. हातात ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक, शाळेतल्या पोरासारखं. तेव्हा डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात लागलेला होतास, बोटांची नखं निळी. मी बूट तसाच टाकून उठलो, म्हटलं आता हा मारणार.

"पुस्तकात दाखव म्हणालेलास ना?"

"म्हणालेलो. मग?"

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं. दोनदा. नाही सापडलं. तुझं बरोबर." मग म्हणालास, "आता चहा पाज."

माणूस असा असतो का रे? दोन वर्षं शोधायचं, आणि सापडलं नाही हे सांगायला मानपाड्याहून ठाण्याला यायचं! मी चहा पाजला. पहिला घोट घेऊन तू म्हणालास, "पण पुस्तकात नाही म्हणजे मैदानात नाही, असं नाही हां काशा." आणि तिथून आपलं जे जुंपलं, ते तुला अग्नी देईपर्यंत.

तू रेफरीची परीक्षा दिलीस. सुट्टीच्या दिवशी काळी चड्डी, काळा शर्ट, गळ्यात शिट्टी. मॅच संपली की माझ्याकडे. मी खेळणं सोडलेलं, पण माझ्या युक्त्यांचा अभिमान सुटला नव्हता, अजून सुटलेला नाही. आम्ही लीडवर असलो की थ्रो घ्यायला कसं चालत जायचं, बुटाची नाडी नेमकी कधी सुटते, कॉर्नरला गोलीच्या पायावर पाय कसा ठेवायचा. तू सगळं ऐकून पोट धरून हसायचास. तूही काही साधू नव्हतास. कॉर्नरला माझी चड्डी अशी धरायचास, की उडी मारली तर अब्रू गेलीच. एकदा तुझ्या घरी मी तेच म्हटलं.

"तू चड्डी धरायचास ते चालतं, आणि मी गोल मारला तो पाप?"

"चड्डी धरतो तेव्हा तुला कळतं ना धरलीय ते?"

"कळतं म्हणजे! हवा लागते."

"मग. ती लबाडी समोरासमोरची. तूही मला कोपर मारतोस. फिट्टंफाट. पण पडलेल्या माणसाकडे बघून मी खेळ सोडतो, तेव्हा तुझ्याकडे माझी पाठ असते. पाठ मी स्वतःहून दिलेली असते. त्यात काही करायचं नसतं."

मी म्हटलं, "शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, मला एवढंच शिकवलंय."

"तुला चौथीपर्यंतच शिकवलंय," तू म्हणालास. सुमन वहिनी आतून ओरडल्या, "अहो, पाहुण्याला असं बोलतात का!" तू म्हणालास, "हा पाहुणा कुठला, हा अपोझिशन आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या कमी शिक्षणावर बोलायचा हक्क मी या जगात फक्त तुला दिलेला.

मग ती डोंबिवलीची स्पर्धा. तू सेमीफायनलचा रेफरी, मी तक्रारी ऐकणाऱ्या प्रोटेस्ट कमिटीत जुना खेळाडू म्हणून बसवलेला, तिघांपैकी एक. आणि देवाला पण काय खोडी सुचली बघ. तसंच झालं. माणूस पडला, समोरच्यांनी बॉल बाहेर काढला, पडलेल्याच्या टीमने थ्रो घेतला, परत न देता गोल. तू शिट्टी वाजवलीस आणि गोल नाकारलास. पुन्हा थ्रो घ्या म्हणालास. त्या टीमने प्रोटेस्ट टाकला.

तुला कमिटीपुढे बोलावलं. बाकी दोघे तुला चांगले ओळखायचे. त्यांना वाटत होतं, काहीतरी कारण सांगशील, थ्रो चुकीचा घेतला, पाय उचलला, काहीही. एकाने तर तुझ्या तोंडात शब्द दिला, "भास्कर, थ्रो घेताना पाय उचललेला ना त्याने?"

"नाही. थ्रो साफ होता."

"मग कुठल्या नियमाखाली गोल नाकारलास?"

"नियम नाही," तू म्हणालास. खोटं बोलायची एवढी सोय करून दिलेली, तरी नाही बोललास.

एक माणूस तुझ्या बाजूने, एक विरुद्ध. माझ्यावर आलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, खिडकीबाहेर बघत होतास. मी म्हटलं, "पुस्तकात नाही, तर गोल आहे."

दुसरं काय म्हणणार होतो? तुझ्या बाजूने बोललो असतो, तर माझा फायनलचा गोल गेला असता. मी खुर्चीत बसून त्या पोरांच्या गोलाचा न्याय करत नव्हतो रे. माझ्या गोलाला मिठी मारून बसलेलो.

तुझं नाव रेफरींच्या पॅनेलवरून काढलं. शिट्टी गेली. वर्षभर तू आला नाहीस. मीही गेलो नाही, माझा ताठा तुला माहीत आहे. आणि एक दिवस दारात उभा. पायरीवर चप्पल काढताना म्हणालास, "तुझं पुन्हा बरोबर होतं. रेफरीला पुस्तकाबाहेर जायचा हक्क नाही. मी गेलो, चुकलो."

मला इतकं हलकं वाटलं, की मी आत ओरडून भजी टाकायला सांगितली.

तू बसलास, आणि खुर्ची माझ्याकडे ओढून बोललास. ते वाक्य मी चौथी पास असलो तरी अक्षर न् अक्षर सांगू शकतो. "पण खेळाडूला हक्क असतो, काशा. त्या दिवशी रेफरीला काही करता येत नव्हतं, लाइनमनला येत नव्हतं, आमच्या साहेबाला येत नव्हतं. सगळे पुस्तकाने बांधलेले. अख्ख्या मैदानात तू एकटा मोकळा होतास. पुस्तक जिथे संपतं ना, तिथे फक्त खेळणारा उरतो."

मी म्हटलं, "भजी खा."

भास्कर, आतापर्यंत जे लिहिलं ते तुला ठाऊक होतं. आता नसलेलं लिहितो. सून विचारते, बाबा पाणी देऊ का.

तू भेटलास की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला, "गजाचा गुडघा काय म्हणतो?" मी म्हणायचो, बरा आहे. पुढच्या वेळी परत, "गजा जिने चढतो का नीट?" चढतो. गजा गेला तेव्हा तू स्मशानात आलास. त्याच्या मुलाला जवळ घेऊन म्हणालास, "तुझा बाप गुडघा फुटलेला असताना उठून शेवटची मिनिटं खेळला बरं का, विसरू नकोस." त्या पोराने तुझ्या पायाला हात लावला. मी तीन पावलांवर उभा होतो. गजा लाकडांवर झोपलेला. त्या गोष्टीचा दुसरा साक्षीदार तेवढ्यात जळून जाणार होता, आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

गजाला लागलं नव्हतं. ते माझं डोकं होतं. मी कानाची पाळी ओढली की त्याने पडायचं, समोरचे बॉल बाहेर काढतील, थ्रो घेणाऱ्याने तो माझ्याकडे टाकायचा, त्याला एवढंच सांगितलेलं. प्रॅक्टिसनंतर आम्ही दोघांनीच तीनदा करून बघितलेलं. गजाला पडायला नको होतं. तो म्हणाला, "नाना, हे बरं नाही दिसत." मी म्हटलं, "कॅप्टन कोण?" आणि सगळ्यात वाईट हे, की आम्ही ठरवताना तुझं नाव घेतलेलं. त्यांच्यात बॉल बाहेर काढेल असा कोण आहे? भास्कर. भास्करच्या पायात बॉल गेला की करायचं. इतरांपैकी कोणी काढला असता की नाही, सांगता येत नव्हतं. तुझी खात्री होती. तुझ्या चांगुलपणावर मी माप घेऊन कपडा शिवावा तशी ती चाल शिवली.

म्हणजे तू शेहेचाळीस वर्षं भांडलास, ते अर्ध्याच गोष्टीसाठी. बॉल परत दिला नाही, एवढाच माझा गुन्हा तू धरून चाललेलास. तोही तू पुस्तक शोधून, कमिटीपुढे उभं राहून, परत परत माफ करत आलास. आणि मी ती माफी घेत आलो. पूर्ण गुन्ह्याची तुला कल्पनाच नाही, हे माहीत असून.

सांगायला आलेलो रे. गेल्या महिन्यात, कल्याणच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं त्यानंतर. ठरवूनच आलेलो. तू उशीला टेकून मोबाइलवर परदेशातली मॅच बघत होतास. त्यात एक गोरा खेळाडू, कोणाचा धक्कासुद्धा न लागता चार कोलांट्या खाऊन तोंड धरून पडला. तू इतका हसलास की खोकला आला.

"बघ बघ, कसा पडलाय! पोट भरायला काय काय करावं लागतं लेकाच्याला." मग मोबाइल पालथा ठेवलास. "आपल्या वेळी काहीही असो, काशा, पडलेला माणूस पडलेला असायचा."

तिथे बोलायचं होतं. दार उघडं होतं, तूच उघडलेलंस. शब्द जिभेवर आले आणि मी म्हटलं, "तुझा चहा थंड होतोय."

मी तुला जपण्यासाठी गप्प बसलो, असं लिहिता आलं असतं. आजारी माणसाला कशाला त्रास. लोक मान डोलावतील. पण मी तुला जपत नव्हतो. तू मला "अपोझिशन" म्हणायचास, त्या शब्दात जी जागा होती ती मला घालवायची नव्हती. तुझ्याएवढं मला कोणी भांडण्याच्या लायकीचं समजलं नाही. कंपनीत मी बॉल मारणारा, घरात मी हट्टी म्हातारा. तू मात्र माझ्यासाठी पुस्तक पाठ केलंस, मला इंग्रजी येत नाही म्हणून एकेक ओळ मराठीत करून सांगितलीस. हातवाऱ्यांसकट. आमच्या सोसायटीतल्या लोकांना अजून वाटतं, मी फुटबॉलचे सगळे नियम शिकलेला माणूस आहे. ते सगळे तुझ्या तोंडून ऐकलेले.

तीन दिवसांनी तुझ्या मनीषाचा फोन आला, "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "कुठे?" असा मूर्खासारखा.

शनिवारी संध्याकाळी शोकसभा झाली. हॉल भरलेला. जुने खेळाडू, रंगाच्या कारखान्यातले लोक, तू ज्यांना कार्डं दाखवलीस तेसुद्धा. पहिल्या रांगेत वहिनी आणि मनीषा. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, असा स्टॉपर परत होणार नाही, वगैरे. मग मागून कोणीतरी ओरडला, "नाना, तो फायनलचा गोल सांगा!" आणि मी सांगितला. गजाला लागलेलं, भास्करने बॉल बाहेर काढला, आणि मी कसला ऐकतोय, पुस्तकात दाखव म्हटलं. लोक हसले. टाळ्या पडल्या. वहिनीही डोळे पुसत हसल्या. तुझा हार घातलेला फोटो माझ्या मागे होता, आणि मी तुझ्याकडे पाठ करून तोच गोल परत मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तुझ्या दारात होतो. वहिनी तुझे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होत्या, कोणाला तरी द्यायला.

"या भावजी. एवढ्या सकाळी? बसा, चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐका."

सगळं सांगितलं. पाळी ओढल्याचं, प्रॅक्टिसचं, तुझं नाव घेतल्याचं, कप आणला तर पर्मनंट होणार हे माहीत असल्याचं. त्या घड्या घालतच होत्या. मग हात थांबला.

"मी तीन वर्षं निर्गुडीचं तेल कढवून द्यायचे गजाभावजींच्या गुडघ्यासाठी," त्या म्हणाल्या. "हे घेऊन जायचे. म्हणायचे, जास्त कढव, आतून दुखतं त्याचं."

हे मला माहीत नव्हतं, भास्कर. गजाने कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, काहीतरी बोला."

"मी काय बोलू? बोलायचे ते गेले." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "मनीषा आत आहे. तिला तुम्हीच सांगा. मला सांगायला लावू नका भावजी. मी सांगितलं तर तुम्हाला सांभाळून घेईन."

त्यांनी हाक मारली. मनीषा ओले केस पुसत बाहेर आली आणि तुझ्या खुर्चीत बसली. "काय झालं काका?"

गजा पडला, असं सुरू करणार होतो. तोंड उघडलंही तसंच. मग थांबलो, आणि पहिल्यापासून सांगितलं.

"मनीषा, मी गजाला पडायला सांगितलं."